मूकपटाचं संगीत आणि यंत्राची घरघर

‘मूकपटांना वादक ठेवायचे ते प्रोजेक्टरची घरघर झाकायला. वाजवायचे तेही हाताला येईल ते. तेव्हा आज पडद्यासमोर पियानो मांडणं म्हणजे मूळ कलाकृतीत ढवळाढवळ. मूकपट शांततेतच पाहावा.’ हा मजकूर बराच फिरतोय. जाणती माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देतो.

आधी घरघर. सुरुवातीला यंत्र प्रेक्षकांतच असायचं आणि आवाज करायचं, हे खरं. पण नायट्रेटची फिल्म भडकन पेटायची, म्हणून ब्रिटनने १९०९ च्या कायद्याने यंत्राला वेगळी, आगीपासून सुरक्षित खोली सक्तीची केली. घरघर भिंतीआड गेली. वादक मात्र घटले नाहीत. उलट मोठ्या शहरांतल्या थिएटरांत अख्खे ऑर्केस्ट्रा बसू लागले.

‘हाताला येईल ते’ हे अर्धंच खरं. छोट्या थिएटरातला एकटा पियानोवाला बरंचसं मनानेच वाजवायचा. पण कोणत्या प्रसंगाला कसं संगीत हवं, याच्या सूचना चित्रपट काढणारी एडिसन कंपनी १९०९ पासून छापत होती.

शिवाय ‘मेट्रोपोलिस’ची गोष्ट आहे. फ्रिट्झ लांग यांचा हा चित्रपट १९२७ मध्ये आला आणि लवकरच त्याला कात्री लागली. २००८ मध्ये ब्वेनोस आइरेसला एक ओरखडलेली, पण बरीच लांब प्रत सापडली. कुठला तुकडा कुठे बसतो? ते ठरवताना या चित्रपटासाठी गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांनी लिहिलेल्या संगीताची स्वरलिपी कामी आली. पडद्यावर काय चाललंय याच्या नोंदी तीत जागोजागी होत्या. हाताला येईल ते वाजवायचं असतं, तर त्या नोंदी कोण कशाला करेल?

राहिली ढवळाढवळ. मूकपट गावोगाव जायचा आणि प्रत्येक ठिकाणी वादक वेगळे, वाजवणं वेगळं. तो पाहिला जायचा तो असाच. १९२८ च्या ‘शिराझ’ या मूकपटाला २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांनी नवं संगीत दिलं आणि मुंबईतही ते प्रत्यक्ष वाजलं, मला ते त्याच परंपरेतलं वाटतं.

वादक चित्रावर चढून बसला की माझाही जीव कासावीस होतो. पण तो दोष त्या वाजवण्याचा. चांगला वादक ऐन प्रसंगी हात उचलतो, आणि तुम्हाला हवी असलेली शांतता तेव्हा खरोखर ऐकू येते.