उपकारस्तुती म्हणजे गप्प बसणं नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, रोज देवाचे उपकार मानण्याविषयी मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय त्यांना आभार मानणं सोपं, ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना हा सल्ला म्हणजे जखमेवर मीठ. तुमचा भाऊ गेल्यावर प्रार्थनासभेत कोणीतरी ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन तुम्हाला ऐकवलं, आणि तेव्हापासून ते वचनच नकोसं झालंय. अशी शिकवण माणसाला अन्याय मुकाट्याने सोसायला लावते, असंही तुम्ही लिहिलंय.

त्या सभेत जे झालं ते चुकीचंच होतं. येशूचा प्रेषित पौल याने हे वाक्य थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलं. ती मंडळी छळ सोसत होती आणि आपल्या मेलेल्या माणसांसाठी व्याकूळ झाली होती. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आधी त्यांचं सांत्वन करतो, एकमेकांचं सांत्वन करा असं सांगतो. पाचव्या अध्यायातही खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, हे चौदाव्या वचनात येतं आणि उपकारस्तुती अठराव्यात. तुम्हाला ते वचन ऐकवणाऱ्याने आधीचं सगळं गाळून शेवटचं तेवढं उचललं. उपकारस्तुती आपण स्वतः करायची असते. दुसऱ्याच्या दुःखावर ती लादायचा अधिकार कोणालाच नाही.

बायबलला रडण्याचं वावडं नाही. लाजर या आपल्या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला आणि थोड्याच वेळात, त्याच जागी, त्याने पित्याचे आभार मानले. आधीच्या अश्रूंबद्दल त्याला कोणी जाब विचारला नाही. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थना म्हणूनच पवित्र शास्त्रात ठेवलंय. देवाकडे तक्रार करणारा माणूस अजून देवाशीच बोलत असतो, म्हणून मी त्याला कृतघ्न म्हणणार नाही.

अन्यायाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री देवाची स्तुती गात होते, हे आपण प्रवचनांत पुष्कळदा ऐकतो. छड्यांचा मार खाऊन अंगावर वळ उठलेले, पाय खोड्यात अडकवलेले. पण सकाळी काय झालं, ते फारसं कोणी सांगत नाही. अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की त्यांना सोडून द्या. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने ठणकावलं. अधिकारी घाबरले, आले, त्यांनी विनवण्या केल्या. रात्री स्तुती गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच! त्या स्तुतीनेच त्याला बळ दिलं असं मी मानतो. आपल्या जिवाचा धनी कोण, हे ज्याला रात्री पक्कं ठाऊक होतं, त्याला सकाळी अधिकाऱ्यांचं भय कसलं?

आभार मानणं बिघडूही शकतं, हे मान्य. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, देवाचेच आभार मानतो, पण मी त्या पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारासारखा नाही म्हणून. ‘आपल्याहून वाईट हाल असलेले लोक बघ आणि समाधान मान’ हा सल्ला मला त्याच परूश्याच्या जवळचा वाटतो.

मग रोजच कशाला, हा तुमचा प्रश्न. कारण विसरणं रोजचं आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना बजावतो तो धोका उपासमारीचा नाही, पोट भरल्यानंतरचा आहे: हे सगळं मी माझ्याच बळावर मिळवलं, असं मन म्हणू लागतं. सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी दिवसाची झडती घेण्याची प्रार्थना शिकवली, तिची पहिली पायरीच आभाराची आहे. स्वतःच्या चुकांकडे वळायचं ते त्यानंतर.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात मीही रोजच्या उपकारांची वही लिहीत होते. एका पानावर आहे: ‘दुपारी बाबांना अर्धा तास शांत झोप लागली. नर्सने सुई एकदाच टोचली.’ त्याच्याच खाली, त्याच शाईत: ‘प्रभू, आणखी किती?’ बाबांच्या दुखण्याबद्दल मी आभार मानले नाहीत आणि देवाने ते मागितले असंही मला वाटत नाही. पण ती अर्ध्या तासाची झोप खरी होती, आणि लिहिली नसती तर त्या काळातलं मला फक्त दुखणंच आठवलं असतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की जेवणाआधीची प्रार्थनाही आता तोंडातून निघत नाही. मग सध्या ती घरातल्या दुसऱ्या कोणी म्हणू दे. तुम्ही नुसतं बसा, आमेन म्हणवलं नाही तरी चालेल. स्वतःहून काही म्हणावंसं वाटलं तर स्तोत्र 13 घ्या, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनच वचनांत ‘किती काळ’ हा प्रश्न पुन्हापुन्हा येतो. तिथेच थांबावंसं वाटलं तर तिथेच थांबा. आणि भावाविषयी लिहावंसं वाटलं तर मला जरूर लिहा, मी वाचेन.