वर्गात पेंगणारा पोरगा आणि मटणाच्या वासाने कोसळणारा डॉबरमन

सर, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: रात्री बारापर्यंत मोबाइल बघणाऱ्या पोरांना आम्ही रोगाचं नाव देऊन सबब पुरवतोय, हसता हसता कोसळणं म्हणजे सरळ फीट, आणि माणसाच्या दुखण्यात कुत्रं कशाला आणलं?

पहिला आक्षेप बराचसा मान्य. शेवटच्या बाकावर पेंगणारी बहुतेक पोरं झोप न झालेलीच असतात. काहींचा घोरताना श्वास अडकतो, काहींचं रक्त कमी असतं. नार्कोलेप्सी साधारण दोन हजारांत एखाद्याला होते, म्हणजे तुमच्या शाळेत एकही नसेल. पण हा आजार बहुतेक वेळा ऐन शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो, म्हणून तो डॉक्टरच्या आधी मास्तरांना दिसतो. रात्रभर झोपलेला पोरगा भर तासाला, लिहिता लिहिता झोपतो, दहा-पंधरा मिनिटांत ताजातवाना उठतो आणि दोन तासांनी पुन्हा तेच. वहीतलं अक्षर मध्येच वेडंवाकडं होत जातं. रात्रीची झोपही सलग नसते. झोपताना किंवा जागं होताना हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, नसलेली माणसं दिसतात. आपल्याकडे असा पोरगा आधी देवऋषाकडे जातो आणि तिथंच वर्षं निघून जातात.

आता फीट. रंकाळ्यावर चौघं बसलेत, एकानं विनोद केला, सगळे हसले आणि एकाचे गुडघेच गळाले. जबडा लोंबला, मान पडली. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. तो शुद्धीवर असतो, तुमचं बोलणं शब्दन् शब्द ऐकतो, फक्त उत्तर देता येत नाही. मिनिटभरात उठतो. मोठ्या फिटीत माणूस बेशुद्ध होतो, झटके येतात, जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते, नंतर बराच वेळ काही सुधरत नाही. स्वप्नाच्या झोपेत आपले स्नायू सैल पडतात, ते बरंच असतं, नाहीतर आपण स्वप्नातली कुस्ती अंथरुणातच खेळलो असतो. या आजारात ते सैलपण जागेपणी घुसतं. अशा वेळी नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची गरज नाही. कोल्हापुरात चपलांना तोटा नाही, पण इथं त्यांचा उपयोग नाही.

आणि कुत्रं. ते नसतं तर माणसातलं कारण एवढ्या लवकर हाती लागलं नसतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात हा आजार असलेले डॉबरमन आणि लॅब्रॅडॉर १९७०च्या दशकापासून पाळले होते. समोर खाणं ठेवलं की आनंदानं त्यांचे मागचे पाय वाकायचे आणि कुत्रं आडवं व्हायचं, डोळे मात्र उघडे. हाक मारली, थोपटलं की बहुधा उठायचं. १९९८ साली मेंदूला जागं ठेवणारं हायपोक्रेटिन, म्हणजेच ओरेक्सिन, सापडलं. पुढच्याच वर्षी कळलं, की या कुत्र्यांत ते रसायन पेशीवरच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) काम करतं त्याचाच जनुक बिघडलाय. २००० साली माणसांचे मेंदू तपासले, तर तिथं रसायन तयार करणाऱ्या पेशीच बहुतेक नाहीशा झालेल्या. उसाच्या भाषेत सांगायचं तर कुत्र्याच्या पाटाला पाणी आहे, पण शेताचं दारं बुजलंय. माणसाची विहीरच आटलीय.

म्हणून कुत्र्यातला हा प्रकार आई-बाप दोघांकडून येतो आणि पिल्लू सहा महिन्यांचं व्हायच्या आतच दिसू लागतो. एखाद्या मोठ्या कुत्र्यात तो घराण्यात नसतानाही उद्भवतो, आणि तिथं माणसासारखंच रसायन कमी सापडलंय. माणसात वारसा थेट नाही. डीक्यूबी१ ०६:०२ हा जनुकप्रकार धोका वाढवतो, पण तो असलेल्या बहुसंख्यांना काहीच होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्या पेशींवर उलटते, असं आजचे पुरावे सांगतात. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पॅंडेमरिक्स या एका लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांत हा आजार वाढला. यावरून सगळ्याच लशींना शिव्या घालणाऱ्यांनी चीनचंही वाचावं: तिथं साथीनंतर रुग्ण वाढले आणि त्यांतल्या बहुतेकांनी लस घेतलीच नव्हती. कॅटाप्लेक्सी नसलेला दुसरा प्रकारही आहे, त्यात हे रसायन बहुधा शाबूत असतं.

तुम्ही विचारलंत, ‘सिद्ध कसं करणार?’ रात्रभर झोपेची तपासणी, मग दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी चार-पाच डुलक्या. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि निदान दोनदा थेट स्वप्नाची झोप आली, तर पुरावा भक्कम. निरोगी माणसाला त्या झोपेपर्यंत जायला तासभर तरी लागतो.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत. मोडाफिनिलसारखी जागं ठेवणारी औषधं आणि ठरलेल्या वेळची डुलकी यांवर बऱ्याच जणांचं निभतं, आणि ते मेंदूविकारतज्ज्ञानं ठरवायचं. शाळेनं मधल्या सुट्टीत वीस मिनिटं झोपू दिलं तरी पुष्कळ. आणि असा पोरगा अठराचा झाला म्हणून लगेच गाडीची किल्ली हातात देऊ नका. झोप ताब्यात आहे असं डॉक्टर म्हणेपर्यंत त्याला मागंच बसवा. कोसळतानाचा व्हिडिओ मात्र नक्की काढून ठेवा, पोराचा असो की कुत्र्याचा.