कोऱ्या जुन्या हत्यारांची किंमत कशी घालवावी

जुनी, पण एकदाही न वापरलेली हत्यारं तुमच्या हाती लागली असतील तर आधी अभिनंदन. कोणाच्या आजोबांचं हार्डवेअरचं दुकान बंद होतं, गोदाम रिकामं करताना मागच्या मांडणीवरून खोके निघतात. कोणाला भुसावळच्या रिटायर फिटर काकांच्या ट्रंकेत ग्रीसमध्ये गुंडाळलेलं काहीतरी सापडतं. कोणी आठवडे बाजारात चादरीवर पसरलेल्या भंगारातून वेचून आणतो. खान्देशात असं सामान निघतं, कारण इथे ते लागत होतं. अमळनेर, चाळीसगाव, धुळे, जळगाव, सगळीकडे कापडगिरण्या होत्या. भुसावळला रेल्वे आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगावला आणखी एक. एवढे फिटर, टर्नर आणि सुतार ज्या मुलखात, तिथल्या दुकानदारांनी इंग्लंडातल्या शेफिल्डचा माल ठेवला नसता तरच नवल.

आता याची किंमत काय, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. येण्याआधी ते वस्तूचं जे काही करून आणतात ते बघून मी विरोध सोडला आहे. करायचंच आहे तर नीट, पद्धतशीर करा. कसं ते सांगतो.

सर्वांत आधी वस्तू चकाकवा. धूळ पुसणं, डिझेलचा बोळा फिरवून वाळलेलं ग्रीस काढणं ही आळशी माणसाची कामं. तुम्ही ग्राइंडर आणा. घरी नसेल तर गल्लीच्या तोंडावरच्या वेल्डरकडून मागून आणा, तो नाही म्हणत नाही. गेल्या आठवड्यात जळगावातल्या एका बंद दुकानाच्या वारसाने हेच केलं. त्याचा फोन आला, "आबा, एक रंधा निघालाय. निळा आहे, खोक्यात आहे, रेकॉर्ड लिहिलंय वरती." मी नंबर विचारला. म्हणाला, झिरो फाइव्ह. म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा चौदा इंची, शेफिल्डचा, मेणकागदात, तेलात. मी म्हटलं, भाऊ, हात लावू नको, मी रविवारी येतो. रविवारी गेलो तर टेबलावर रंधा आरशासारखा लखलखत होता आणि शेजारी हा छाती पुढे काढून उभा. "आबा, तुम्ही येणार म्हणून साफ करून ठेवला."

साफ म्हणजे कसा? अंगावरचा निळा रंग वायर ब्रशने खरवडून काढलेला आणि वर गेटला लावून उरलेला चांदी रंग मारलेला. पितळी चाकी पितांबरीने घासलेली. इथवर मी गप्प होतो. मग तळ बघितला. तळाला ग्राइंडरची फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरची चकती, फिरवलेली. पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि उजेडाला धरली, तर मधून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. रंध्याचं सगळं शहाणपण त्याच्या तळात असतं. तळ सपाट नसेल तर ती वस्तू लाकडावर ढकलायची, एवढंच, त्यातून कातण निघायचं नाही. कारखान्यातून निघताना तळावर घासणीच्या बारीक रेघा असतात, एका दिशेच्या, एकसारख्या. रंधा लाकडाला लागलाच नाही याचा सर्वांत पक्का पुरावा त्या रेघाच असतात. खोका बदलता येतो, रंग मारता येतो, त्या रेघा परत आणता येत नाहीत. त्याने त्या पुसून टाकल्या आणि मला म्हणतो, "कोरा आहे आबा, एकदाही वापरलेला नाही." अरे, हे आता मला कोणत्या तोंडाने सांगतोस?

आणि पातं. पातं त्याने "धार लावून" ठेवलं होतं, कोरड्या ग्राइंडरवर, पाण्याचा थेंब न लावता. धारेपासून आत बोटभर निळीजांभळी झाक. कार्बन पोलाद तापत गेलं की सव्वादोनशे अंशांच्या सुमारास गवती पिवळं दिसतं, तीनशेच्या आसपास निळं. निळं झालं की पाणी उतरलं, ती धार आता सागालासुद्धा टिकायची नाही. तर हा गृहस्थ बोट ठेवून मला दाखवतो, "बघा ना, निळी शेड कशी आलीय, इंग्लंडचं ओरिजिनल पोलाद." किंमत सांगितली बारा हजार. मी पाणी मागितलं. प्यायचं.

असो. पुढचा सल्ला: खोका, मेणकागद आणि आतलं पत्रक आधी जाळा. वाळवी लागलेला पुठ्ठा घरात कशाला? त्यावरून माल केव्हाचा ते कळतं, हीच तर अडचण. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर माल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा आला. नुसतं "बॉम्बे-२" किंवा "बॉम्बे-३" असेल तर बहुधा आधीचा. किमतीच्या चिठ्ठीवर "न.पै." असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला, पुढे पैशातला "नया" गेला. "वेस्ट जर्मनी" असेल तर १९९० च्या आधीचा. पाच मिनिटांत वय निघतं, एक रुपया खर्च नाही. त्यापेक्षा "ब्रिटिशकालीन आहे" म्हणावं, ते सोपं. भुसावळकडच्या पान्यावर "जी.आय.पी.", म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ठोकलेलं असलं तर ते निदान खरंच १९५१ च्या आधीचं धरता येतं, कारण त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत गेली. आणि "सी.आर.", म्हणजे सेंट्रल रेल्वे, ठोकलेलं कोरं सामान काकांच्या ट्रंकेत कसं आलं, हे मात्र कोणी विचारू नये. आपलेच काका आहेत.

कानशींना भरपूर तेल चोळा, म्हणजे त्या लोखंडावरून मस्त घसरतील.

किंमत मोबाईलवर ठरवा. अमेरिकेतला कोणीतरी त्याच रंध्याचे दीडशे डॉलर मागतोय, गुणिले आजचा दर, झाली किंमत. त्याने मागितले की त्याला मिळाले, हे बघण्याची गरज नाही. मागणारे दोन वर्षं मागत बसलेले असतात. तिथे घराघरात सुतारकामाचा छंद असलेले पेन्शनर आहेत आणि इथे जळगावात प्लायवूड, लॅमिनेट आणि इलेक्ट्रिक प्लेनर चालतो, ही किरकोळ बाब. टपाल, विमा, कस्टम हेही किरकोळ. बाजारातला चादरवाला तर मोबाईलसुद्धा उघडत नाही, नुसता वर बघून म्हणतो, "आबा, अशी वस्तू आते कोठे भेटस?" याच्यावर उत्तर नसतं. आणि गंमत अशी, की हीच वस्तू तुम्ही त्याला विकायला न्या. तो तराजू काढतो आणि लोखंडाचा भाव लावतो, किलोवर. वर विचारतो, लाकडी मूठ काढून देताय ना, तिचं वजन कशाला धरू?

एवढी वर्षं ती वस्तू कोरी का राहिली, असली चौकशी करू नये. आपल्याकडे समज पक्का आहे की न वापरलेलं ते चांगलं. मग एखादी पक्कड पन्नास वर्षं कोरी राहिली, कारण तिचे जबडे कारखान्यातच तिरके बसले होते आणि पहिल्याच दिवशी मिस्त्रीने ती मागे फेकली, असं कसं असेल? तरी कोणाला फारच खाज असेल तर पक्कड मिटून उजेडाला धरावी, टोकापाशी फट दिसते का बघावी. पटाशीच्या कोपऱ्याला धारेजवळ चांगली कानस हलकेच लावावी. घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. हातोडीच्या तोंडावरचं रोगण, पान्याच्या जबड्याच्या आतलं क्रोम, स्क्रूच्या खाचा, एवढं बघितलं की वापर झालाय की नाही ते समजतं. खाच चघळलेली असेल तर कोणीतरी डिसमिस लावून ते उघडलेलं आहे, मग त्याने कितीही शपथा घेऊ द्या. पण हे सगळं करायला वस्तू हातात घ्यावी लागते. फोटोवर होत नाही.

प्लास्टिकच्या मुठी पांढुरक्या पडून आंबूस वास मारत असतील तर तो इतिहासाचा सुगंध समजावा.

जुन्या पकडीच्या मुठीवरचं रबर चिकट झालं असलं तरी वायरमनला "शॉकप्रूफ" म्हणूनच विका, त्याच्या घरच्यांचा नंबर आपल्याकडे नसला म्हणजे झालं.

पाने विकायचे असतील तर "हाफ इंची" म्हणा आणि गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत चहा पाजत राहा. जुन्या इंग्रजी पान्यावर १/२ आणि "डब्ल्यू" किंवा "व्हिटवर्थ" लिहिलेलं असतं. तो आकडा बोल्टच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नव्हे. तोंड मोजलं तर ०.९२ इंच भरतं, म्हणजे साधारण २३.४ मिलिमीटर. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने बोल्टच्या आट्यांची मापं ठरवून दिली, त्यांच्यावरून आलेली ही रीत. आज मोटरसायकलच्या नटाला हा पाना एक तर बसत नाही, नाहीतर ढिला बसून नटाचे कोपरे खातो. मात्र जुन्या बुलेटचा मिस्त्री आणि जुनं इंग्रजी लेथ चालवणारा टर्नर अशा कोऱ्या सेटसाठी दोन बस बदलून येईल आणि मागाल ती वाजवी रक्कम देईल. म्हणून त्याला चुकूनही कळू देऊ नका. सेट फोडा, एकेक पाना किलोवर द्या.

लाकडी दांड्याची हत्यारं घराच्या धाब्यावर पत्र्याखाली ठेवा, मे महिन्यात दांडा आकसून हातोडीचं डोकं आपोआप सुटतं, मग दोन वस्तू म्हणून विकता येतात.

आणि इतकं करूनही काही शिल्लक राहिलंच तर हॉटेलवाल्याला द्या. हायवेवर "गावाकडची चव" छाप जी नवी हॉटेलं झाली आहेत, त्यांना भिंतीवर लावायला असलं सामान हवं असतं. शेवभाजी येईपर्यंत मी एका ठिकाणी भिंत बघत बसलो होतो. पटाश्यांचा सहाचा जोड, पाव इंचापासून वरती, लेबलं अजून मुठींवर. प्रत्येकीच्या पात्याला भोक पाडून स्क्रूने भिंतीत ठोकलेली, वरून टचवूड पॉलिशचा हात. शेजारी लाकूड तासायचा वाकस, त्याला पिवळ्या बल्बांची माळ. पोऱ्याला विचारलं, ही कशाची हत्यारं आहेत रे? म्हणाला, "अँटिक आहे काका. सेल्फी घ्यायचाय का?"

त्याच हॉटेलच्या आवारात एक सुतार दाराची चौकट बसवत होता. त्याची पटाशी मी हातात घेऊन बघितली. बाजारातली नवी, स्वस्तातली, दर दहा मिनिटांनी दगडावर घासायची. त्याला म्हटलं, आतमध्ये भिंतीवर बघितलंस का? म्हणाला, "बघितलं ना आबा. एकदा शेठला विचारलं, एक देता का. तर हसले."

लाज वाटली पाहिजे. मी सरळच बोलतो आता. तुमच्या आजोबाने तो रंधा तेल लावून, मेणकागदात बांधून ठेवला, कारण कधीतरी कोणीतरी सुतार येईल आणि पैसे मोजून नेईल. तो दुकानदार होता, त्याला माल कळत होता. तुम्हाला कळत नाही, ठीक आहे, कळायलाच पाहिजे असं नाही. पण कळत नाही तर हात कशाला लावता? विचारायला माणसं आहेत की नाहीत? जळगावच्या शनिपेठेत, धुळ्यात, अमळनेरात असे मिस्त्री अजून आहेत की वस्तू नुसती तळहातावर तोलून सांगतील काय आहे ते. त्यांना विचारायचं नाही, कारण ते मळक्या कपड्यांत असतात. मोबाईलला विचारायचं. मोबाईल म्हणतो बारा हजार, म्हणून बारा हजार. आणि गिऱ्हाईक उठून गेलं की म्हणायचं, लोकांना जुन्याची कदर नाही.

तो रंधा होता तसा, खोक्यासकट, मी चार हजारांना घेतला असता आणि दोघंही खूश राहिलो असतो. आता त्याचं पातं टाकायचं, तळ मशीनवर घासून घ्यायचा, त्याची मजुरी वेगळी. सातशे रुपये सांगितले त्याला, तेही मुठी आणि पितळी चाकीसाठी. तो रागावला. मला म्हणतो, "एवढी मेहनत घेतली त्याचे तरी द्या."

मेहनतीचे पैसे मागायचे तर वेल्डरकडे जा, त्याच्याकडे रोजंदारीवर लाग. माझ्याकडे येऊ नको. आणि बाकी सगळ्यांनाही सांगतो, किंमत विचारायला फोन करायचा असेल तर ग्राइंडर चालू करायच्या आधी करा. नंतर केलात तर मी उचलणार नाही.