चिरूटवाल्याची वाटणी

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' एकट्यानंच बघायचा असतो, हे मला रविवारी आत्या लसणाची परात घेऊन सोफ्यावर येऊन बसली तेव्हा कळलं. "लाव तुझं काय ते, मी आपली सोलत बसते."

सर्जिओ लिओनेच्या या १९६६ च्या सिनेमात पहिली दहा मिनिटं कुणी चकार शब्द काढत नाही. माझ्या अंगावर काटा. आत्या म्हणाली, "टीव्हीचा आवाज गेलाय रे."

मग चिरूट चावत क्लिंट ईस्टवुड आला. टुको नावाच्या दरोडेखोराला पकडून द्यायचं, बक्षिसाचे दोन हजार डॉलर खिशात घालायचे, आणि ऐन फाशीच्या वेळी लांबून गोळीनं दोर तोडून त्याला सोडवायचं. मग पैसे निम्मे-निम्मे. पुढच्या गावात हाच खेळ, भाव तीन हजार.

"म्हणजे सरकारलाच फसवतोय," ट्रेझरीतून निवृत्त झालेली आत्या म्हणाली. "आणि तो याचा भागीदार?"

तेवढ्यात ईस्टवुडनं भागीदारी मोडली, सगळे पैसे घेतले आणि टुकोला हात बांधून वैराण माळावर सोडून दिलं. नेमकी तेव्हाच पडद्यावर त्याच्या नावाची पाटी उमटली: चांगला.

"हा चांगला?" लसणाची पाकळी हवेतच थांबली.

मी खलनायक-नायकाच्या मधल्या करड्या छटांवर बोलू लागलो. "करडी तुझ्या डोक्यात," म्हणत तिनं मला लसूण सोलायला बसवलं. पुढे त्यानं मरणाऱ्या सैनिकाच्या अंगावर आपला कोट घातला, ओठाला चिरूट लावला. माझा गळा दाटला. आत्या फक्त "हं" म्हणाली. तिच्या खात्यात ते जमेला पडलं की नाही, कळेना.

शेवटी दफनभूमीत, पुरलेल्या सोन्यासाठी, ईस्टवुड, टुको आणि 'वाईट' अशी पाटी मिळालेला तिसरा, असे तिघं एकमेकांकडे बघत उभे. मोरिकोनेचं संगीत चढतंय, डोळे, बोटं, पुन्हा डोळे. "मुहूर्त बघतायत का?" मी उत्तर दिलं नाही. वाईट मेला. दोन लाखांचं सोनं निघालं. ईस्टवुडनं टुकोला कबरीच्या क्रुसावर, गळ्यात फास अडकवून उभं केलं, त्याच्या वाट्याचं निम्मं सोनं खाली ठेवलं, लांबून दोर तोडला आणि निघून गेला.

आत्यानं परात बाजूला ठेवली. "वाटणी चोख केली हो. गावच्या जमिनीला तुझ्या काकाच्या जागी हा हवा होता."