कुत्र्यांच्या नावाने पावती कोण फाडणार?

नागपुरात मोकाट कुत्र्यांवरून वाद पेटला की मला साक्षीला उभं करतात. आई त्रिमूर्ती नगरात राहते. तिच्या लेआऊटचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात मीही आहे, इंग्लंडातल्या लीड्सला बसून. शेजारचे काका लिहितात, "बेटा, तूच सांग, तिकडे रस्त्यावर एक तरी कुत्रं दिसतं का?" लगेच दुसऱ्या टोकाच्या काकू, ज्या रोज संध्याकाळी डबा घेऊन कुत्र्यांना खाऊ घालतात, त्या लिहितात, "आणि तिकडचे लोक कुत्र्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळतात, तेपण सांग." दोघांनाही माझं अर्धंच उत्तर हवं असतं. पूर्ण उत्तर ग्रुपवर कोणी वाचणार नाही.

यंदा आमच्या घरी पिल्लू आलं, त्यामुळे निदान बोलायचा हक्क तरी मिळाला. नाव गोट्या. बेवारस कुत्री सांभाळणाऱ्या एका संस्थेतून आणला. देण्याआधी संस्थेने विचारलं: घरात दिवसभर कोण असतं, मागच्या अंगणाचं कुंपण किती उंच आहे, घरमालकाची लेखी परवानगी आहे का, भारतात गेलात तर हा कुठे राहील. माझ्या लग्नात सासरच्यांनी इतकी चौकशी केली नव्हती.

इथे 2016 पासून पिल्लू आठ आठवड्यांचं व्हायच्या आत त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवावी लागते. चिपच्या नंबरापुढे नोंदवहीत माणसाचं नाव असतं. आधी संस्थेचं होतं, आता माझं आहे. बाहेर नेताना गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता हवा. 2020 पासून इंग्लंडात सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानातून विकत घेता येत नाही. जिथे ते जन्मलं तिथे जाऊन आईसोबत बघून घ्यायचं, नाहीतर संस्थेतून दत्तक.

हे झालं कागदावरचं. घरात काय होतं ते वेगळंच. लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत पाय रस्त्यावर टेकवायचे नाहीत, पण जग तर दाखवायचं, कारण या कोवळ्या वयात जे बघितलं नाही त्याला कुत्रं पुढे भितं. म्हणून मी त्याला ओढणीच्या झोळीत घालून बस, लॉरी, उघडी छत्री, चाकांचा कचऱ्याचा डबा असं सगळं दाखवत फिरले. झोपून उठला की अंगणात, जेवला की अंगणात, रात्री कुंई केलं की गाऊनवर रेनकोट चढवून पुन्हा अंगणात. जागेवर केली की शाबासकी, घरात केली तर गुपचूप पुसायचं, ओरडायचं नाही. दात शिवशिवायला लागले तेव्हा चपला गेल्या, मग चार्जरची वायर. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हे कुत्र्यांना विषारी, त्यामुळे सावजीचा कांदा चिरताना गोट्या स्वयंपाकघराबाहेर. शिऱ्यातले बेदाणेही बंद झाले. व्हिडिओ कॉलवर आईला हे पटतच नाही. "आपल्या शेरूनं जन्मभर दूध-पोळी खाल्ली. काऊन गं एवढं?" प्रत्येक कोटाच्या खिशात शी उचलायच्या पिशव्या. शिवाय विमा, जंताचं औषध, पुढे नसबंदी. माझ्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये गोट्याची आता स्वतःची ओळ असते.

आता काकांना उत्तर. नाही काका, रस्त्यावर कुत्री दिसत नाहीत, कारण इथलं प्रत्येक कुत्रं कोणाच्या तरी नावावर आहे. एकटं सापडलं तर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, माणूस त्याला उचलतो आणि सात दिवस ठेवतो. मालक आला नाही तर नवं घर किंवा एखादी संस्था शोधतात. तेही जमलं नाही तर त्याला मारून टाकायला कायद्याची मुभा आहे. हे वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. ब्रिटनमधून रेबीज 1922 मध्ये हद्दपार झाला, तो काही लोकांच्या शिस्तीने आपोआप नाही. आधी कुत्र्यांना मुसक्या बांधायची सक्ती झाली, बेवारस कुत्री पकडून मोठ्या संख्येने मारली गेली, बाहेरून येणारी जनावरं सहा-सहा महिने अलग ठेवली गेली. आपण आज जे रिकामे रस्ते बघून हळहळतो त्यामागे शंभर वर्षांपूर्वीची ही वसुली आहे. 'तिकडच्यासारखं करा' म्हणताना ते सगळं हवंय का, हे काकांनी ठरवावं. (त्यांच्या घरी पितळी थाळीत जेवणारा लॅब्राडॉर आहे. त्याला चिप नाही.)

आणि काकू, प्रेम आहे, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये इथे लोकांनी हौसेने पिल्लं घेतली, ऑफिसं सुरू झाल्यावर त्यातली बरीच संस्थांच्या दारात आली. मी ज्या संस्थेतून गोट्या आणला तिच्यासाठी अधूनमधून शनिवारी सुपरमार्केटच्या दाराशी देणगीची बादली घेऊन उभी राहते. त्यामुळे प्रेमाची वसुली कशी होते ते जवळून दिसतं. रस्त्यावर पैसे गोळा करायचे तर कौन्सिलचा परवाना हवा, दुकानाच्या जागेत दुकानाची परवानगी. बादलीला सील आणि नंबर. ती खुळखुळवायची नाही, कोणाच्या वाटेत यायचं नाही, नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायचं नाही. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागणारी पोट्टी "मागच्या वर्षी तर एवढे दिले होते" म्हणून दारात ठाण मांडतात, ती इथे पहिल्याच तासाला घरी पाठवली जातील. संध्याकाळी सील फोडताना आणि मोजताना दोघं जण लागतात.

यातला बराचसा वेळ कंटाळवाणा असतो. थंडीत बोटं आखडतात. दहा जण गोट्याला कुरवाळतात, "किती महिन्यांचा?" विचारतात आणि दमडी न टाकता निघून जातात. पण बादलीतली नाणी हा खरा उद्देशच नाही. खरा उद्देश शेजारच्या टेबलावरचा फॉर्म. तो भरला की दर महिन्याला खात्यातून ठरावीक रक्कम वळती होते. देणारा कर भरत असेल आणि त्याने तशी खूण केली असेल तर सरकार प्रत्येक पाउंडावर आणखी 25 पेन्स घालतं. संस्थेला पाच हजारांचा एकदाच आलेला चेक नको असतो असं नाही, पण डॉक्टरचं बिल दर महिन्याला येतं. नाताळात मन भरून आलं आणि दिलं, यावर कुत्र्यांचा दवाखाना चालत नाही.

आता नागपूर. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की ज्यांना मोकाट कुत्र्यांना खायला घालायचंय त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावी, घरी न्यावी आणि महापालिकेत नोंदवावी. रस्त्यावर खाऊ घातलं तर 200 रुपयांपर्यंत दंड. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घ्यायची सक्ती रोखली. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलायला सांगितलं आणि 11 दिवसांनी मोठ्या पीठाने ते बदललं: नसबंदी आणि लस करून त्याच भागात सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक तेवढी ठेवा, खाऊ घालायला ठरलेल्या जागा करा. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बस-रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून हटवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. प्रत्येक निकालाला आमच्या ग्रुपवर कोणी पेढे वाटतं, कोणी ग्रुप सोडतं.

एक पिल्लू भरल्या खिशाने वाढवताना माझी ही दमछाक होते. पेन्शनवर राहणाऱ्या काकूंना सात कुत्री दत्तक घ्या म्हणणं म्हणजे खायला घालूच नका म्हणणं. पण नागपूर खंडपीठामागची चीड मला समजते. माझा भाऊ मिहान या औद्योगिक भागातून रात्रपाळी करून दुचाकीवर घरी येतो. वर्धा रोडवरून आत वळला की टोळी मागे लागते. एकदा पोटरीला चावलं. मग पहिल्या दिवशी इंजेक्शन, 3, 7 आणि 28 व्या दिवशी पुन्हा. लक्षणं दिसू लागली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे यातली एकही तारीख चुकवून चालत नाही. त्याला भूतदया शिकवायला मी जाणार नाही.

वाद खाऊ घालण्यावर अडकलाय हेच मला चुकीचं वाटतं. खाऊ घालणं स्वस्त आहे आणि मनाला बरं वाटतं. नसबंदी महाग आहे, बघायला ओंगळ आहे आणि तिचा फोटो कोणी स्टेटसला ठेवत नाही. 2023 च्या नियमांनुसार काम ठरलेलं आहे: पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच मारायची, होतं तिथेच सोडायचं. जबाबदारी महापालिकेची, आणि ती तिच्यावरच राहिली पाहिजे. पण लेआऊटमधल्या किती कुत्र्यांच्या कानाला खाच आहे हे काका-काकूंपैकी एकालाही सांगता येत नाही. माझ्या मते जो खाऊ घालतो त्याने कुत्रं घरी न्यायची गरज नाही, त्याने यादी ठेवावी. आणि जो ओरडतो त्याने शस्त्रक्रियेसाठी पैसे काढावे.

नागपूरकर देत नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर लाखोंना फुकट जेवण-पाणी मिळतं, वाढणारे साधे नोकरदार लोक असतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे बैलाची बक्षिसी, गोळा करणाऱ्या पोरांना आम्ही कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. गाडगेबाबा आमच्याच विदर्भातले. त्यांनी कीर्तनातून लोकांकडून पैसा उभा केला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र मडकं आणि झाडू घेऊन फिरले, आणि देवापुढे जनावर कापू नका म्हणून गावोगाव सांगत राहिले. पैसा आहे, हात सैल आहे, पावती पुस्तक छापायची सवयही आहे. कुत्र्यांच्या नसबंदीच्या नावाने पुस्तक छापलं गेलेलं नाही एवढंच.

आणि यासाठी इंग्लंडकडे बघायचीही गरज नाही, गोवा बघा. तिथे 2013 मध्ये सुरू झालेल्या मिशन रेबीज या मोहिमेने सरकारसोबत जाळी घेऊन घरोघर, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली. दहातल्या सात कुत्र्यांना लस असली की रेबीजची साखळी तुटते, हा जगभर वापरला जाणारा आकडा आहे. 2021 मध्ये गोव्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर केलं. मोहीम चालवणारी संस्था ब्रिटिश आहे, म्हणजे इथल्या बादल्यांमधला काही पैसा गोव्याच्या कुत्र्यांपर्यंत पोहोचला असणार.

नागपूरला तसा सहज पोहोचत नाही. इथल्या इंग्रज मैत्रिणींकडून पैसे जमवून नागपूरच्या एखाद्या लहान संस्थेला पाठवावे म्हटलं तर तो परकीय निधी ठरतो. त्याला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं लागतं. तीन खोल्या आणि एक ॲम्ब्युलन्स असलेल्या संस्थेकडे ते कुठून असणार? भारतीय पासपोर्टवाल्याने मात्र परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय मानत नाहीत. म्हणून मी काकूंना कळवलंय: यादी करा, मान्यताप्राप्त संस्थेकडून शस्त्रक्रिया करून घ्या, कानाच्या खाचेचा फोटो आणि पावती पाठवा, दर महिन्याला एका कुत्रीचा खर्च माझा. नवऱ्याने मागेच ब्रिटिश पासपोर्ट घेतला, त्यामुळे त्याचा पैसा परका. गोट्याचा विमा त्याच्या खात्यातून जातो, नागपूरच्या कुत्र्या माझ्या खात्यातून. काकांच्या वाट्याच्या कुत्रीचं काय करायचं, ते त्यांनी ग्रुपवर सांगावं.