कॉम्प्युटरवरचा केसपेपर कुणासाठी?

परवा एक आजी गुडघेदुखी सांगता सांगता मध्येच म्हणाल्या, "हे गेल्यापासून झोपच नाही हो डॉक्टर." मी तेव्हा कॉम्प्युटरवरच्या यादीत 'डावा की उजवा' शोधत होते. मान वर केली तोवर त्या गोळ्यांच्या विषयावर पोचल्या होत्या.

मी फॅमिली डॉक्टर आहे. मला जुन्या फाइली परत नकोत, कॉम्प्युटरवरची नोंद हवीच. पण आजची बहुतेक सॉफ्टवेअर एका भेटीचा आणि तिच्या बिलाचा हिशेब ठेवतात. आमच्याकडे माणूस वर्षानुवर्षं येतो, एका खेपेला तीन तक्रारी आणतो, आणि त्यातल्या कितीतरींना अजून निदानाचं नावच नसतं. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की नोंद पेशंटच्या समस्यांच्या यादीभोवती बांधा. आमच्या स्क्रीनवर ती यादी असते, पण बरा झालेला खोकला आणि चालू असलेला मधुमेह तिथे शेजारी शेजारी बसलेले असतात. ती साफ करायला वेळ कुणाकडे आहे? अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात, पेशंटसमोरच्या दर तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि कागदपत्रांत जात होते.

औषध लिहिताना स्क्रीनवर येणाऱ्या सूचनांचं तर विचारूच नका. किरकोळ इशारे बंद करून करून बोटाला सवय लागते, आणि खरा इशाराही त्याच झटक्यात बंद होतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या एका मुलाला माझ्या हातून त्याच गटातलं अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहिलं गेलं होतं. फार्मासिस्टचा फोन आला म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. जिवावर बेतणारे मोजके इशारेच समोर यावेत, बाकीचे बाजूला गप्प बसावेत.

आणि हॉस्पिटलमधून सुटलेल्या पेशंटचा कागद! स्कॅन केलेलं पीडीएफ येतं, मी त्यातली औषधं एकेक करून पुन्हा टाइप करते, आणि चूक तिथेच होते. आरोग्याची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पाठवायचं एफएचआयआरसारखं मानक असताना बदललेला डोस थेट माझ्या यादीत का येऊ नये? पेशंटचं पान उघडताच चालू समस्या, औषधं, अ‍ॅलर्जी, क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) वर्षभराचा आलेख आणि न पाहिलेले रिपोर्ट दिसावेत, एवढंच मागणं आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आधी एक दिवस आमच्या ओपीडीत खुर्ची टाकून बसावं.

आजी पुढच्या महिन्यात येतील. त्यांच्या नोंदीत मी लिहिलंय, 'झोपेचं विचारायचं.' ती ओळ आपोआप वर येणार नाही, म्हणून मॉनिटरला चिठ्ठीही चिकटवली आहे.