रंग बदलला म्हणून गळती थांबत नाही

हंगाम संपत आला की एक सल्ला दरवर्षी नव्या जोमाने फिरू लागतो: हार्वेस्टरमागे दाणे पडतात ना, मग कंपनी बदला. सल्ल्याचा तपशील साधारण असा. गळती ही जुन्या कंपनीच्या मशीनची खोडच असते. दुसऱ्या कंपनीचं रोटरवालं, म्हणजे लांब फिरत्या नळकांड्याने पीक घासून मळणारं, मशीन घेतलं की ती थांबते आणि कुठल्याही पिकात दाणा फुटत नाही. जुना हेडर, म्हणजे मशीनचा पुढचा कापणीचा भाग, अडॅप्टर लावला की चालतो, हॉर्सपॉवर जास्त असल्याने काम त्याच हिशेबाने वाढतं आणि ऑपरेटरला शिकायला अर्धा दिवस पुरतो. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच सल्ला पटकन पटतो. कंपनी जरूर बदलावी, पण एवढ्या मोठ्या खर्चाचं कारण तरी नीट पारखलेलं असावं.

आधी गळती. जमिनीवर दिसणारा दाणा नेमका कुठून पडला हे कळल्याशिवाय खापर फोडायचं कुणावर? काही दाणे मशीन शेतात येण्याआधीच झडलेले असतात. काही हेडरवर जातात, म्हणजे कटर बार (कापणारी पाती) आणि रीलपाशी (पीक पात्यांकडे झुकवणारं फिरतं चक्र). काही काडात अडकून मागून बाहेर पडतात आणि काही चाळणीवरून भुशाबरोबर उडतात. सोयाबीनचं उदाहरण घ्या. त्यातली बहुतांश गळती, साधारण पाचातले चार भाग, हेडरवरच होते. कटर उंच चालतो आणि खालच्या शेंगा धसकटावर राहतात, किंवा रील मशीनच्या वेगापेक्षा फार जोरात फिरते आणि तिच्या फटक्याने शेंगा तडकतात. तिथे आत रोटर आहे की ड्रम (फटक्याने मळणारं आडवं नळकांडं), आणि पत्र्यावर कुठला रंग आहे, याने काय फरक पडणार?

मोजायची रीत सोपी आहे, पण ती करणारे थोडे. काम चालू असताना मशीन थांबवायचं, मशीनच्या लांबीएवढं मागे घ्यायचं आणि एक चौरस मीटरची चौकट तीन ठिकाणी टाकून दाणे मोजायचे. उभ्या पिकात मिळतात ते आधीच झडलेले. हेडरने कापलेल्या पण मागचं काड अजून न पडलेल्या पट्ट्यात मिळतात त्यांतून ते वजा केले की हेडरची गळती हाती येते. मशीनच्या मागे मिळतात त्यांतून ही दोन्ही वजा केली की उरते ती मळणीची आणि चाळणीची. गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम धरलं, तर 25 दाणे म्हणजे एक ग्रॅम, आणि चौरस मीटरला एक ग्रॅम म्हणजे हेक्टरी 10 किलो.

इथे एक घोळ हमखास होतो. हेडर 6 मीटरचा असतो, पण भुसा पसरवणारा पंखा बंद असेल तर मागचं सगळं काड 1.5 मीटरच्या पट्ट्यात पडतं. त्या पट्ट्यात चौरस मीटरला मळणी-चाळणीचे 250 दाणे मोजले की माणूस म्हणतो, हेक्टरी एक क्विंटल गेलं! पण तो माल 6 मीटरमधला आहे. चाराने भागायला हवं, म्हणजे खरी गळती 25 किलो. हेडरवर पडलेला दाणा मात्र कापलेल्या पूर्ण रुंदीत पसरलेला असतो, त्याला हा भागाकार लागू नाही. मागचा आकडा चौपट फुगवायचा आणि पुढचा मोजायचाच नाही, असं झालं की दोष आपोआप मळणीच्या भागावर येतो आणि हेडर नामानिराळा राहतो. केबिनमधल्या गळती दाखवणाऱ्या पट्टीवरही आंधळा विश्वास नको. तिचे सेन्सर दाण्यांचे आपटे मोजतात, किलो नाही. त्या पिकात एकदा जमिनीवर मोजून पट्टी जुळवली नसेल, तर ती फक्त वाढ-घट सांगते.

आता रोटर. रोटर ही एका कंपनीची मिरास नाही. न्यू हॉलंडने जुळ्या रोटरचं टीआर 70 आणलं 1975 मध्ये, इंटरनॅशनल हार्वेस्टरचं अ‍ॅक्सियल-फ्लो आलं 1977 मध्ये. ग्लीनरने 1979 मध्ये रोटर आडवा बसवला आणि जॉन डिअरने आपला एसटीएस रोटर 1999 मध्ये आणला. क्लासच्या लेक्सियनच्या बऱ्याच मॉडेलांत मळणीला ड्रम आणि पुढे काडातून दाणा वेगळा करायला रोटर, अशी मिश्र रचना असते. केस आयएच आणि न्यू हॉलंड आज सीएनएच या एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली आहेत, तरी एकाच्या रोटरी मशीनमध्ये एकच मोठा रोटर आणि दुसऱ्याच्या सीआर मालिकेत दोन लहान. तेव्हा "कंपनी बदलली" म्हणजे मळणीची पद्धत बदलली की फक्त पत्र्याचा रंग, हे आधी विचारावं.

रोटरमध्ये फटक्यापेक्षा घासण्यावर भर असतो आणि पीक कॉनकेव्हवरून, म्हणजे रोटरखालच्या बाकदार जाळीवरून, अनेकदा फिरतं. त्यामुळे मक्यात आणि सोयाबीनमध्ये दाणा कमी फुटतो, हे खरं. पण "कुठल्याही पिकात" हे शब्द पुढे आले की दावा लंगडा पडतो. ओलसर, हिरव्या काडाच्या पिकात रोटर जास्त ताकद मागतो आणि काड पिळून दोरासारखं गुंडाळलं जातं. उलट काड फार वाळलेलं असेल तर त्याचे तुकडे होतात, ते चाळणीवर येऊन साचतात आणि दाणा त्यांच्यावरून मागे निघून जातो. ज्याला लांब, अखंड काड हवं आहे त्याच्यासाठी ड्रम आणि स्ट्रॉ वॉकरचं (काड हलवून दाणा झाडणाऱ्या फळ्यांचं) जुनं मशीन अजून कामाचं आहे.

कंपनी बदलल्यावर दाणा फुटायचं किंवा ओंबीत राहायचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: ऑपरेटर जुन्या मशीनचे आकडे नव्या मशीनवर लावतो. दाण्याला लागतो तो वेग कडेचा, म्हणजे ड्रमचा किंवा रोटरचा घेर गुणिले फेरे. स्क्रीनवर दिसतात ते नुसते फेरे. 660 मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 800 फेऱ्यांनी फिरला तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे 27.6 मीटर होतो. तेच 800 फेरे 432 मिलिमीटरच्या जुळ्या रोटरला दिले तर 18.1 मीटर, आणि 762 मिलिमीटरच्या मोठ्या रोटरला दिले तर 31.9. स्क्रीनवर आकडा एकच, पण एका मशीनमध्ये ओंब्या अर्धवट मळून निघतील आणि दुसऱ्यात दाणे फुटतील. मग पहिला म्हणणार, नवीन मशीन मळतच नाही. दुसरा म्हणणार, हे तर दाणा फोडतं. कडेचा वेग गणिताने जुळवला तरी भागत नाही, कारण रोटरमध्ये पीक जास्त वेळ घासलं जातं आणि कमी वेगातही मळणी होऊ शकते.

कॉनकेव्हच्या फटीचंही तेच. एका मशीनवरचा 10 आणि दुसऱ्यावरचा 10 यांची शून्याची जागाच वेगळी असू शकते. खाली वाकून खरी फट मोजल्याशिवाय स्क्रीनवरच्या आकड्याला अर्थ नाही. कंपनीच्या पुस्तकात त्या पिकासाठी दिलेल्या आकड्यांपासून सुरुवात करायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, थोडं चालवायचं आणि मागे जाऊन बघायचं. पुस्तक उघडणाऱ्या ऑपरेटरची चेष्टा करायची रीत आहे खरी, पण नव्या मशीनवर पहिल्याच आठवड्यात तोच शहाणा ठरतो.

"पण बदलल्यावर फरक पडला की!" असं सांगणारेही खोटं बोलत नाहीत. फक्त ते कशाची कशाशी तुलना करतात ते बघा. जुन्या मशीनचे रास्प बार (मळणीच्या खाचदार पट्ट्या) गुळगुळीत झालेले, कॉनकेव्हच्या तारा झिजलेल्या, पंख्याचा पट्टा सैल आणि कटरची पाती बोथट. त्याच्यासमोर कोरं मशीन. त्याच जुन्या कंपनीचं कोरं मशीन आणलं असतं तरी फरक पडलाच असता. म्हणून बदलण्याआधी झिजलेले भाग टाकून एकदा मोजून बघावं. तरीही मळणीची आणि चाळणीची गळती जास्त असेल, तर मशीन बदलायला सबळ कारण मिळालं.

हेडरचं "अडॅप्टर लावलं की झालं" हे अर्धसत्य फार महागात पडतं. अडॅप्टर मिळतात यात शंका नाही. मॅकडॉनसारख्या कंपन्या तर वेगवेगळ्या ब्रँडच्या मशीनला बसतील असेच ड्रेपर हेडर (कापलेलं पीक फिरत्या पट्ट्यावरून नेणारे) विकतात. पण अडॅप्टरची चौकट फक्त तोंडाला तोंड जुळवते. फीडरच्या, म्हणजे हेडरमधून पीक आत नेणाऱ्या भागाच्या, तोंडाची रुंदी कमी असेल तर ऑगरने (हेडरमधल्या फिरत्या मळसूत्राने) मध्ये आणलेलं पीक कडेला अडतं. हेडर फिरवणारा शाफ्ट कुठल्या बाजूला आणि किती फेऱ्यांनी फिरतो, यावर कटरचा वेग ठरतो. तो चुकला तर पीक कापलं न जाता ओढलं जातं, आणि आपण पुन्हा हेडरच्या गळतीवर येऊन पोचतो. हायड्रॉलिकचे जोड वेगळे असतात. हेडरची उंची सांगणाऱ्या सेन्सरचे सिग्नल नव्या मशीनला समजले नाहीत तर हेडर आपोआप वर-खाली होत नाही किंवा सारखा हिसके देतो. शिवाय हेडरचं वजन फीडरला उचलता आलं पाहिजे. सौदा करताना जुना हेडर प्रत्यक्ष जोडून, पिकात चालवून दाखवा म्हणावं. नुसत्या "बसेल हो" वर पैसे देऊ नयेत.

हॉर्सपॉवरबद्दल फार बोलायला नको. ताकदीतला मोठा वाटा काड बारीक करणारा चॉपर खातो. चाळणीचं क्षेत्रफळ तेवढंच असेल तर जोरात हाकून दाणे मागेच पडणार. आणि टाकी भरल्यावर ट्रॉलीची वाट बघत उभं राहावं लागत असेल तर जादा ताकद नुसती डिझेल पिते.

ऑपरेटर अर्ध्या दिवसात शिकतो म्हणतात ते मशीन हाकण्यापुरतं बरोबर आहे. पण जुन्या मशीनवर रील उचलायचं बटण अंगठ्याखाली असतं, आणि नव्यावर त्याच जागी दुसरंच काही असू शकतं. फीडर चोंदला की उलटा कसा फिरवायचा, रोटर अडकला तर कुठलं झाकण उघडायचं, भार वाढला की आवाज कसा बदलतो, हे कळायला पीक लागतं आणि वेळही. घाईत अडकलेलं काढताना इंजिन चालू ठेवायची चूक अनोळखी मशीनवर जास्त होते, आणि तिथे हात जातो.

या सगळ्या सल्ल्यात दुरुस्तीचा शब्दही नसतो. आजच्या मशीनमध्ये एखादा सेन्सर गेला तरी निदानाचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते कुणाच्या हाती आहे यावर तुमचा दिवस ठरतो. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिअर अँड कंपनीवर खटला भरला, तो याच मुद्द्यावर: दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरांनाच दिलं जातं, असा आरोप होता. तेव्हा कुठल्याही नव्या कंपनीच्या डीलरला पहिला प्रश्न विचारावा तो हंगामाबद्दल. ऐन कापणीत पट्टा, बेअरिंग आणि कटरची पाती किती तासांत मिळतील, बिघाडाचा कोड वाचायला माणूस कुठून येईल, आणि तो येईपर्यंत आमच्या मेकॅनिकला काय काय उघडून बघता येईल. उत्तर लेखी घ्यावं आणि मगच किमतीकडे वळावं.